वधस्तंभ दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवता येतो का?

नगरकरीण

"बाई, हा तुझा वधस्तंभ आहे. प्रभूने वाहिला, तसा तूही वाहा."

माझ्या नात्यातल्या एका बाईला मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने हे सांगितलं. नवरा पिऊन आला की मारतो, मागच्या पावसाळ्यात मनगट मोडलं, मुलगी घाबरून अंथरूण ओलं करते, हे सगळं ऐकून घेतल्यावर सांगितलं. वर तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थनाही केली. ती निमूट घरी गेली. येशूचं नाव घेऊन सांगितलेल्या गोष्टीला काय उत्तर द्यायचं, हे तिला कधी कुणी शिकवलेलंच नाही.

सांगणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं, हे मी मानते. पण ही शिकवण चुकीची आहे. ती नवऱ्याच्या दारूतून आलेली नाही, येशूच्या मरणाबद्दल आपण जे समजून बसलो आहोत त्यातून आली आहे. म्हणून धागा इथे काढते आहे, कौटुंबिक सल्ल्याच्या विभागात नाही.

आमच्याकडे उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरून येशूने काढलेले सात उद्गार, सात वक्ते, मधून मधून रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं. सगळे वक्ते सांगतात की येशू कोकरासारखा गप्प राहिला, त्याने सहन केलं. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात ते आहेच, मी नाकारत नाही. पण शुभवर्तमानं सलग वाचली की दुसरंही दिसतं, आणि त्यावर प्रवचन झालेलं मी फारसं ऐकलं नाही.

नासरेथच्या लोकांनी त्याला कड्यावरून ढकलायला नेलं, तेव्हा तो त्यांच्यातून निघून गेला (लूक ४). मंदिरात दगड उचलले गेले, तेव्हा तो लपला आणि बाहेर पडला (योहान ८). जिवे मारायचा बेत ठरल्यावर त्याने यहूदीयात उघडपणे फिरणं थांबवलं आणि एफ्राईम नावाच्या गावी जाऊन राहिला (योहान ११). शिष्यांना सांगितलं, एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा (मत्तय १०). गेथशेमाने बागेत त्याने मरणाचा तो प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. आणि प्रमुख याजकासमोर शिपायाने तोंडात मारली तेव्हा तो गप्प बसला नाही, "मला का मारतोस?" असं त्याने विचारलं (योहान १८:२३).

मार चुकवणं हा अविश्वास असता, तर हे सगळं कशात बसवायचं?

योहान १०:१८ मध्ये तो म्हणतो की माझा प्राण माझ्यापासून कुणी घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. माझ्या मते सगळं इथेच आहे. त्याचं मरण बलिदान ठरतं ते त्याने ते दिलं म्हणून. रोमन सुभेदार पिलाताने आणि शिपायांनी जे केलं ते बलिदान नव्हतं, तो खून होता. जो मारतो त्याच्या बाजूने ती घटना कधीच पवित्र होत नाही. मग नवऱ्याने बायकोचं मनगट मोडलं तर त्याला वधस्तंभ म्हणायचा अधिकार तिसऱ्या माणसाला कुठून मिळाला?

दुसरं, इब्री लोकांस पत्र पुन्हा पुन्हा बजावतं की हे अर्पण एकदाच झालं, कायमचं झालं. त्यानंतर कुणाचाही बळी देवाला नको आहे. घर टिकावं म्हणून एका बाईने रोज थोडं थोडं मरावं असं जो सांगतो, तो गोलगोथ्यावरचं, म्हणजे वधस्तंभाच्या जागेवरचं, येशूचं काम अपुरं राहिलं असंच सांगत असतो.

तुमच्या मंडळ्यांत, पॅरिशमध्ये हे कसं शिकवतात? मनापासून विचारते आहे.

पाचूबंदर

ताई, वाचून मन जड झालं. मी वसईचा कॅथलिक, म्हणून आमच्या बाजूचं थोडं.

मिस्सा म्हणजे भाकर-द्राक्षरसाची आमची मुख्य उपासना, तिला आम्ही यज्ञ म्हणतो, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर कुणी म्हणेल की तुम्ही तर रोजच बळी देता. तसं नाही. आमची शिकवण अशी की यज्ञ एकच, क्रुसावरचा. मिस्सात तो नव्याने घडत नाही, आपण त्यात सामील होतो. म्हणूनच शुभ शुक्रवारी (तुमच्या उत्तम शुक्रवारी) जगभर कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही. आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, अभिमंत्रित केलेली भाकरच त्या दिवशी दिली जाते. वेदीवर कापडसुद्धा नसतं. घंटा बंद, त्याजागी लाकडी खटखट. माणसं रांगेने पुढे जातात आणि क्रुसाच्या पायांचं चुंबन घेतात. माझी आजी गुडघे दुखत असतानाही वाकायची.

आणि तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर आमच्या धर्मविधिसंहितेतच आहे. १९८३ च्या संहितेचं ११५३ वं कलम म्हणतं की जोडीदारामुळे शरीराला किंवा आत्म्याला गंभीर धोका असेल, तर वेगळं राहायला रास्त कारण आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबाविषयी जे पत्र लिहिलं त्यात ते आणखी पुढे गेले: अत्याचारातून दुबळ्या जोडीदाराला किंवा मुलांना वाचवायचं असेल तेव्हा वेगळं होणं कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यक असतं. चालेल, हरकत नाही, असं ते म्हणत नाहीत. आवश्यक म्हणतात. हे लग्नाआधीच्या शिबिरात मोठ्याने वाचून दाखवायला हवं.

वचनसेवक

नगरकरीणताई, त्या बहिणीला जे सांगितलं गेलं ते निर्दयपणाचं होतं. त्यावर दुमत नाही. पण एक काळजी वाटते, ती मांडतो.

हल्ली ख्रिस्ताच्या रक्ताबद्दल बोलायची लोकांना लाज वाटू लागली आहे. प्रीतीचा आदर्श, सेवेचा आदर्श, एवढ्यावर सगळं थांबतं. मी पापी आहे, माझ्या पापाची शिक्षा खरी आहे, ती त्याने माझ्या जागी घेतली, यावर माझं तारण उभं आहे. रोमकरांस पत्र ३:२५ वाचा. ते काढून टाकलं तर उत्तम शुक्रवार हा एका चांगल्या माणसाचा स्मृतिदिन होईल. तसा स्मृतिदिन पाळायला मी तीन तास उपाशी बसणार नाही.

दुसरं, पेत्राच्या पहिल्या पत्रातल्या २:२१ चं काय? ख्रिस्ताने तुमच्यासाठी दुःख सोसलं आणि कित्ता घालून दिला, असं प्रेषित लिहितो. आणि पुढच्याच अध्यायात, "तसेच, स्त्रियांनो", आपापल्या नवऱ्याच्या अधीन असा. हे वचन आपल्याला आवडो न आवडो, ते आहे.

मुक्ता_वाचते

मी ख्रिस्ती नाही, पण धागा सुरुवातीपासून वाचते आहे. दोन प्रश्न आहेत. राग मानू नये.

आमच्या घरी ज्याचं कर्म त्याने भोगायचं असंच ऐकत मोठे झालो. सावकाराचं कर्ज दुसऱ्याने फेडलं तर मी सुटेन, हे कळतं. पण वाईटपणा हा काही कर्जासारखा नाही. दुसरा कुणी माझ्यासाठी मेला तर माझ्यात काय बदललं?

आणि देवाला रक्त का लागतं? क्षमाच करायची तर सरळ का नाही करत?

जुनी पोथी

मुक्ताताई, राग कसला. तुमचा दुसरा प्रश्न चर्चने स्वतःला जवळजवळ दोन हजार वर्षं विचारला आहे. बरीच वर्षं ईशज्ञान (थिऑलॉजी) शिकवतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट, जी वचनसेवकांनाही मान्य असेल. सर्व चर्चचं विश्वासवचन, नायसियाचं, एवढंच म्हणतं की तो आम्हा मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी उतरला, आमच्यासाठी पंतय पिलाताच्या वेळी क्रुसावर खिळला गेला. 'आमच्यासाठी' म्हणजे नेमकं कसं, यावर सुरुवातीच्या कुठल्याही सार्वत्रिक धर्मसभेने एकच स्पष्टीकरण बांधून दिलं नाही. ख्रिस्त देव की मानव यावर सभांमागून सभा झाल्या, मात्र मरणाचं काम कसं चालतं हे मोकळं ठेवलं.

पहिल्या काही शतकांत जोर विजयावर होता: मृत्यू आणि सैतान यांच्या कैदेतून माणूस सुटला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचा भर आजही तिथेच आहे. १०९८ च्या सुमारास कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने वेगळी मांडणी केली: पापाने देवाचा मान दुखावला, त्याची भरपाई माणूस देणं लागतो पण देऊ शकत नाही, म्हणून देवमानवाने ती दिली. सरदार-जमीनदारांच्या त्या जगात मान ही कायद्याइतकी ठोस गोष्ट होती. त्यानंतर काही दशकांतच फ्रेंच विचारवंत आबेलार म्हणाला, क्रूस पाहून माणसाचं मन विरघळतं, त्यात प्रेम जागं होतं, तेच तारण. मग सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विन, कायदा शिकलेला माणूस, त्याने ते न्यायालयाच्या भाषेत मांडलं: शिक्षा आणि बदली. वचनसेवक जे म्हणतात ते या परंपरेतलं आहे. त्याला बायबलचा आधार आहे, मी ते टाकाऊ मानत नाही.

पण या मांडणीचं एक अर्धवट रूप आपल्या प्रवचनांतून फिरतं, ते मात्र मला मान्य नाही: बाप रागावलेला, मुलगा मधे पडला, बापाने मुलाला मारलं, राग शांत झाला. अशा बापाचं चित्र ज्या लेकराच्या मनात बसलं, ते मोठं झाल्यावर मारणाऱ्या माणसात देव पाहू लागलं तर नवल नाही. पौल असं लिहीत नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (५:१९) तो म्हणतो, देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. मारणारा एकीकडे आणि मरणारा दुसरीकडे असे दोन पक्ष तिथे नाहीत. क्रुसावर जो आहे तोच देव आहे.

रक्ताबद्दल. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आहेत. एकाचं अर्पण होतं, दुसऱ्यावर लोकांची पापं ठेवून त्याला जिवंत रानात सोडतात. त्या लोकांसाठी रक्त म्हणजे जीवन. ते शिंपडून पवित्रस्थान शुद्ध करायचं, रागीट देवाची तहान भागवायची नव्हे. आणि त्याच धर्मग्रंथात होशेय संदेष्टा देवाच्या तोंडून सांगतो की मला यज्ञ नको, दया हवी. येशूने हे वचन स्वतः वापरलं (मत्तय ९:१३). यज्ञाची भाषा आतून पालटणारा माणूस त्या भाषेतलं शेवटचं अर्पण झाला, असं मी समजतो.

आता तुमचा पहिला प्रश्न. येशूच्या उजव्या-डाव्या बाजूला दोन गुन्हेगार होते. त्यातला एक म्हणाला, आपण केलं त्याचंच फळ भोगतो आहोत. येशूने त्याला खाली उतरवलं नाही. कर्माचं फळ त्याने भोगलंच. पण "आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील" हे त्याने ऐकलं. ख्रिस्ती क्षमा परिणाम पुसत नाही. परिणाम भोगताना माणूस एकटा राहत नाही, आणि केलेला गुन्हा हीच त्याची कायमची ओळख राहत नाही. त्यातून जो बदलतो तो आतून बदलतो. हे उत्तर तुम्हाला पटेलच असं नाही, पण आम्ही ज्यावर जगतो ते हे.

जाता जाता, १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी एक व्याख्यान दिलं, त्यातून पुढे दलित ईशज्ञान उभं राहिलं. देवाने सोडून दिल्याची भावना हा दलित अनुभवाचा गाभा आहे, आणि क्रुसावरचा येशू तोच अनुभव घेतो, ही त्यांची मांडणी. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांपैकी बहुतेकांचे पूर्वज महार-मांग समाजातून आले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला आजही अनुसूचित जातीचा दर्जा नाही. अशा माणसाला येशूचा चौथा उद्गार, देवा, तू मला का सोडलंस हा, वेगळाच ऐकू येतो. त्याला "सहन कर" सांगायला येशू आला नाही, त्याच्या जागी उभा राहायला आला.

नगरकरीण

जुनी पोथी, सर म्हणते आता, खूप आभार. प्रिंट काढून ठेवते आहे.

वचनसेवकदादा, रक्ताची लाज मला नाही. प्रभुभोजनात द्राक्षरसाची ती छोटी पेली हातात घेते तेव्हा त्याने माझ्यासाठी काय दिलं हेच मनात असतं. आपला मतभेद तुम्हाला वाटतो तितका मोठा नाही.

पेत्राबद्दल. ते वचन मी टाळणार नाही. २:१८ पासून वाचा, सुरुवात घरच्या गुलामांपासून आहे. रोमन घरात गुलामाला जायला जागा नव्हती, पळाला तर पकडून शिक्षा. बायकोच्या हातीही फारसं नसायचं. ज्यांच्यासमोर दुसरी वाटच नाही त्यांना पेत्र सांगतो की तुमचं दुःख वाया जात नाही, ख्रिस्त त्यातून गेला आहे. हा धीर आहे. ज्याला वाट आहे त्याची वाट अडवण्यासाठी पेत्राने हे लिहिलेलं नाही. २:१८ वरून आज कुणी गुलामगिरी चालू ठेवा म्हणत नाही ना? मग सहा-सात ओळींनंतरचं तेवढं उचलून बाईला परत का पाठवायचं? आणि ३:७ मध्ये नवऱ्यांना तंबी आहे: बायकोला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल. त्या माणसाने नवऱ्याला बोलावून हे वचन ऐकवलं का? नाही ऐकवलं.

चावडीवरची वकील

कायद्याचं थोडं, कारण आपल्या बायकांना ते माहीत नसतं.

१८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एक कारण पुरत होतं. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा टाकून देणं असं काही सिद्ध करावं लागायचं. नुसती मारहाण पुरेशी नव्हती. शतकाहून जास्त काळ हे असंच चाललं. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला, आणि २००१ च्या दुरुस्तीनंतर देशभर क्रूरता हे स्वतंत्र कारण झालं. परस्परसंमतीचा घटस्फोटही तेव्हाच आला.

तिला घटस्फोट नको असेल, तरी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. राहत्या घरातून तिला हाकलता येत नाही. मनगट मोडलं तेव्हाचे दवाखान्याचे कागद, एक्स-रे, जपून ठेवायला सांगा.

नगरकरीण

धन्यवाद ताई. कागद आहेत. ती आणि मुलगी सध्या तिच्या बहिणीकडे आहेत, अर्ज करायचं ठरलं आहे. जास्त इथे लिहीत नाही.

रात्रपाळी

मी नर्स आहे, कॅन्सरच्या वॉर्डात. नगरकरीणताईंचं सगळं पटतं, पण दुसरी बाजू मांडायलाच हवी. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की "आपला वधस्तंभ उचल" हे वाक्यच वाईट.

आमच्याकडे एक गृहस्थ होते, पोटाचा आजार, शेवटचे दिवस. उजव्या हाताला सलाईन. त्यांनी मला त्याच हाताच्या तळव्यावर छोटा प्लास्टिकचा क्रूस पट्टीने चिकटवून द्यायला सांगितलं, कारण गुंगीत तो हातातून पडायचा. सुईची जागा सोडून मी चिकटवला. दर पाळीला पट्टी बदलावी लागायची, घामाने सुटायची. ते चौथा उद्गार म्हणायचे, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" एवढंच. भेटायला आलेल्या एकाने त्यांना समजवायला घेतलं की देवाची काहीतरी योजना असेल. त्यांनी मान फिरवली. नंतर मला म्हणाले, "सिस्टर, त्यानेही विचारलं होतं. त्यालाही तेव्हा उत्तर मिळालं नाही." त्यांचा धीर तेवढ्यावर होता.

हे दुःख त्यांच्यावर कुणी लादलं नव्हतं, टाळताही येणार नव्हतं. ते त्यांनी ज्याच्या हातात हात देऊन सोसलं, तो जखमी हात होता. माझ्या दृष्टीने येशूच्या मरणाचा आजचा अर्थ इथे आहे. आणि याच वॉर्डात एखाद्या बाईच्या अंगावर काळेनिळे डाग दिसले, तर मी क्रूस देत नाही. पोलिसांना आणि समाजसेविकेला कळवते. दोन्ही वेळा मी ख्रिस्तीच असते.

पाचूबंदर

रात्रपाळी, +१.

एक भर. येशूच्या मरणाचा गैरवापर फक्त बायकांवर झालेला नाही. युरोपात शतकानुशतकं 'ख्रिस्ताला मारणारे' म्हणून यहुद्यांना छळलं गेलं, पवित्र आठवड्यात तर जास्तच. १९६५ मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केलं की त्या मरणाचा दोष तेव्हाच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येणार नाही. आपल्या कोकणात बेने इस्राएल यहुदी पिढ्यान्पिढ्या तेलाचे घाणे चालवत शेजाऱ्यांत सुखाने राहिले, त्यामुळे आपल्याला याची झळ कळत नाही. पण येशूची शिक्षा रोमन होती. बंडखोरांना आणि गुलामांना देत ती.

दौंडकर

पंडिता रमाबाईंचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून लिहितो. केडगाव आमच्यापासून जवळ.

इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठातल्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं एक घर दाखवलं. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तिथे आसरा होता. या बायकांशी इतक्या मायेने का वागता, असं रमाबाईंनी विचारलं तेव्हा एका भगिनीने योहानाच्या चौथ्या अध्यायातली, परक्या समाजातल्या शोमरोनी स्त्रीशी येशू आपुलकीने बोलतो ती गोष्ट वाचून दाखवली. त्यांचं मन तिथे वळलं, हे त्यांनीच आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. १८८३ मध्ये बाप्तिस्मा झाला. पण ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळायला पुढे काही वर्षं लागली, हेही त्यांनीच लिहिलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस मुलींना केडगावला घेऊन आल्या. क्रुसावरचा येशू कळलेल्या बाईने दुसऱ्या बायकांना सहन करायला परत पाठवलं नाही. घर बांधलं.

वचनसेवक

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. ख्रिस्ताने माझी शिक्षा घेतली, यावर मी ठाम आहे आणि राहीन. जुनी पोथी सरांशी त्यावर स्वतंत्र धागा काढू. पण रागीट बाप आणि मार खाणारा मुलगा हे चित्र मीही रविवारच्या शाळेत ऐकलं आहे, आणि ते वचनाला धरून नाही, हे मान्य. ख्रिस्त स्वतः देव नसेल तर ती शिक्षा घेणं म्हणजे अन्यायच झाला असता.

नगरकरीणताई, या वर्षी आमच्याकडे तिसरा उद्गार माझ्याकडे आहे, "बाई, पाहा, हा तुझा मुलगा". जवळच्या शिष्याकडे दाखवून येशू हे आपल्या आईला म्हणाला, म्हणून यावर सगळे आईच्या प्रेमाबद्दल बोलतात. पण योहान १९:२७ चा शेवट वाचा: त्या वेळेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतलं. खिळे ठोकलेले असताना तो एका बाईच्या राहण्याची सोय लावत होता. प्रवचन त्यावर करायचं ठरवलं आहे, आणि आमच्या मंडळीची मागची रिकामी खोली अशा एखाद्या बहिणीला महिनाभर वापरू द्यावी, असा ठराव मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीपुढे ठेवतो आहे. वकीलताई, त्यासाठी कायदेशीर काय काळजी घ्यावी लागेल? इथे लिहा किंवा व्यक्तिगत निरोप पाठवा.

चावडीवरची वकील

निरोप पाठवला आहे. थोडक्यात: ती आल्याबरोबर संरक्षण अधिकाऱ्याला लेखी कळवा, मुलं सोबत असतील तर तेही लिहा, आणि नवरा दारात आला तर समेटाची बैठक तुम्ही स्वतः भरवू नका.